कान्हेरीला अर्धा दिवसच आहे? मग असं करा

सोमवार टाळा, कान्हेरीची लेणी ज्यात आहेत ते बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान त्या दिवशी बंद असतं. सकाळी लवकर निघा. गेटपासून लेणी साधारण 6 किलोमीटर. आतल्या बसने जा, पायातली ताकद वरच्या चढणीसाठी राखून ठेवा. लेण्यांचं तिकीट वेगळं.

लेणी शंभराहून जास्त आहेत, सगळी बघायच्या फंदात पडू नका. 3 नंबरचा चैत्य, म्हणजे प्रार्थनेचं दालन, बघाच, पण फोटो काढत तिथेच तास घालवू नका. खरी गंमत वरच्या विहारांत, म्हणजे भिक्षूंच्या राहत्या घरांत. एखाद्या खोलीतल्या दगडी ओट्यावर क्षणभर बसा. हाच त्यांचा पलंग. बाहेर आलात की कातळात खोदलेली पन्हळ शोधा. पावसाचं पाणी तिच्यातून टाक्यात उतरतं. शिलालेखांत या टाक्याला 'पोढी' म्हटलंय. मला तर मूर्तींपेक्षा ही पाण्याची सोयच भारी वाटते.

वेळ उरलाच तर 90 नंबर. आपल्यासारख्याच बघायला आलेल्या पारशी मंडळींनी 1009 आणि 1021 साली तिथे पहलवीत, म्हणजे जुन्या इराणी लिपीत, नावं कोरलीत. (तुम्ही कोरू नका!)

पावसाळ्यात पायऱ्या शेवाळतात, चपला घालून येऊ नका. आणि डबा पिशवीतच ठेवा, माकडं टपलेली असतात.