एस्तेर म्हणजे ईस्टर नव्हे, आणि कर्पास म्हणजे हिरवा नव्हे

तुम्ही विचारलंत की नात्यातल्या एका मुलीचं नाव एस्तेर ठेवलंय आणि आता घरातलंच कोणीतरी सांगतंय की एस्तेर म्हणजे बाबिलोनची इश्तार देवी आणि त्या इश्तारचंच पुढे ईस्टर झालं, तर हे खरं का, आणि नावाचा अर्थ नक्की काय. ईस्टरवाला भाग साफ चूक आहे. दरवर्षी मार्च-एप्रिल आला की हाच फॉरवर्ड परत फिरायला लागतो आणि चांगली शिकलेली माणसं तो पुढे ढकलतात, मी खोडून खोडून दमले. ईस्टर हा जुन्या इंग्रजीतला शब्द, पहाट आणि पूर्व दिशेच्या घराण्यातला, आणि आपल्याकडे त्याची सख्खी बहीण कोण, तर उषा. वेदांतली उषस्. शिवाय हे नाव मुख्यतः इंग्रजी आणि जर्मनमध्येच आहे, बाकी ग्रीक, लॅटिन, इटालियन, पोर्तुगीज घ्या, सगळीकडे ज्यूंच्या पेसाख या सणाच्या हिब्रू नावावरून आलेला पास्का, आणि गोव्यातही पास्काचं फेस्तच म्हणतात ना. मग बाबिलोनची देवी मधले सगळे देश ओलांडून एकदम इंग्लंडातच कशी उगवली?

आता एस्तेर. बायबलात तिच्याच नावाचं एक पुस्तक आहे, इराणच्या राजाची राणी झालेली यहुदी मुलगी आपल्या लोकांना वाचवते त्याची गोष्ट. हे नाव फारसी सितारा या शब्दाच्या कुळातलं आहे असं माझं ठाम मत आहे. म्हणजे आपली तारा. ऋग्वेदात ताऱ्यांनी या अर्थी स्तृभिः असं रूप येतं, त्यात तो सुरुवातीचा स अजून शाबूत आहे, पुढे तारामध्ये तो गळला, फारसीत राहिला, इंग्रजी स्टारमध्येही राहिला. म्हणजे ईस्टरची बहीण उषा आणि एस्तेरची बहीण तारा, दोघींची नाती आपल्यापर्यंत पोचतात पण आपसात त्या कोणी लागत नाहीत!

इश्तारचा पक्ष नुसत्या फॉरवर्डवाल्यांचा नाही, मोठ्या विद्वानांचाही आहे, ते मी लपवत नाही. पीटर येन्सन या जर्मन पंडिताने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मांडलं की एस्तेर म्हणजे इश्तार, तिला वाढवणारा मर्दखय म्हणजे बाबिलोनचा मर्दुक देव, आणि सगळी गोष्ट म्हणजे बाबिलोन आणि शेजारच्या एलामच्या देवांची लढाई. मर्दखय हे नाव मर्दुकवरून आलं असणार, मान्य. पण मर्दुका नावाची साधी हाडामांसाची माणसं त्या काळच्या मातीच्या पाट्यांवर नोंदलेली आहेत. आपल्याकडे कोणाचं नाव विठ्ठल असलं म्हणून त्याची जन्मकथा पंढरपुरातून सुरू करायची का? आणि हिब्रूत श लिहायला वेगळं अक्षर आहे, शीन, एस्तेरमध्ये मात्र सामेख आहे, चक्क स. यावर इश्तारवाले म्हणतात अश्शूरचे (असिरियाचे) लोक श चा स करायचे. करत असतील, पण ही गोष्ट त्यांच्या निनवेतली नाही, शूशनमधली आहे, इराणच्या राजाच्या वाड्यातली.

तिसरा अर्थ म्हणजे लपलेली. तालमूद या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात रब्बी येहूदा म्हणतात की तिने आपली गोष्ट झाकून ठेवली म्हणून ती एस्तेर, कारण हिब्रूत स-त-र म्हणजे झाकणं (अरबीतही हाच धातू आहे, आपल्या ओळखीचं सत्तार हे नाव त्यातलंच, झाकून घेणारा). व्युत्पत्ती म्हणून मी हे धरणार नाही. पण त्या बाईचं आयुष्य वाचलं की कळतं हा अर्थ लोकांना का चिकटवावासा वाटला. मूळ नाव हद्दस्सा, ते एका सुवासिक पानांच्या झुडपाचं नाव. आईबाप नाहीत, मर्दखयने वाढवलेली. आणि मर्दखय तिचा काका नाही हो, चुलतभाऊ! हिब्रूत स्पष्ट बत-दोदो आहे, काकाची मुलगी, काका करून टाकायची सवय जोसेफस या पहिल्या शतकातल्या यहुदी इतिहासकारापासून चालत आलीय. मग राजवाड्यात नेतात, सहा महिने गंधरसाचं तेल, सहा महिने बाकी सुगंध, वर्षभर नुसतं अंगाला चोळणं, आणि कुळ सांगायचं नाही अशी मर्दखयची ताकीद, ती पाळते. देवाचं नावसुद्धा त्या अख्ख्या हिब्रू पुस्तकात एकदाही येत नाही, तोही लपलेलाच.

मग चौथ्या अध्यायात ती वळते. राजाचा वजीर हामान, त्याने सगळ्या यहुद्यांच्या कत्तलीचा हुकूम काढलाय, मर्दखय निरोप पाठवतो की राजाकडे जा, ती आधी म्हणते की न बोलावता जाणाऱ्याला मरणाची शिक्षा आहे आणि मला तर तीस दिवसांत बोलावणं नाही. पण नंतर तीच सांगते की शूशनमधल्या सगळ्यांना गोळा करा, तीन दिवस उपास करा, मग मी जाते. आणि तिच्या वाक्याचे शेवटचे दोन शब्द बघा, आवाद्ती आवाद्ती. एकच क्रियापद दोनदा. इंग्रजीला त्यासाठी इफ लागतं, आपल्याला जर सुद्धा लागत नाही, गेले तर गेले, म्हणजे जीव गेला तर गेला. कोणतीही मराठी बाई असंच म्हणेल. आतापर्यंत मर्दखय सांगेल ते ती करत होती, आणि या अध्यायाच्या शेवटच्या वाक्यात एस्तेरने सांगितलं ते सगळं मर्दखयने केलं असं लिहिलंय.

बरं, तारा वगैरे ठीक आहे, पण मला या पुस्तकात ज्या शब्दाने वेड लावलंय तो पहिल्याच अध्यायात बसलाय आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही. इराणचा राजा अहश्वेरोश १८० दिवस वैभव दाखवतो, मग सात दिवस बागेत मेजवानी, तिथले पडदे कसे, तर खूर कर्पास उ-तखेलेत. पांढरं, कर्पास, निळं. कर्पास! संस्कृत कर्पास, प्राकृत कप्पास, मराठी कापूस. अख्ख्या हिब्रू बायबलमध्ये हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणी येतो, आणि आपण जो र वाटेत हरवला तो हिब्रूने जपलाय. आणि १६११ च्या इंग्रजी बायबलने त्याचं काय केलं, हिरवा रंग! माझ्या मते पेसाखच्या ताटात जी कर्पास नावाची पालेभाजी असते तिच्यामुळे हा घोळ, पण त्या कर्पासचा कापसाशी काही संबंध नाही, ती वेगळी. कापसाचे पडदे भाजीच्या रंगाचे करून टाकायचे म्हणजे काय? हा अहश्वेरोश म्हणजे झर्क्सीस असं बहुतेक जण धरतात, आणि ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की झर्क्सीसच्या सैन्यात झाडावरच्या लोकरीचे कपडे घातलेले हिंदी शिपाई होते. म्हणजे कापूसच. पुस्तकाच्या पहिल्याच वाक्यात त्याचं राज्य होदूपासून आफ्रिकेतल्या कूशपर्यंत १२७ प्रांतांचं, आणि होदू म्हणजे सिंधू, म्हणजे आपण. माल आला तिथून शब्दही आला.

कोकणातले यहुदी, बेने इस्राएल, पुरीमला, म्हणजे एस्तेरमुळे यहुदी वाचले त्या आठवणीच्या सणाला, होळीचा सण म्हणायचे. त्यावरून पुरीम म्हणजे ज्यूंची होळी असं लिहू नका, अदार महिन्याची चौदावी तिथी फाल्गुन पौर्णिमेच्या आसपास येते म्हणून ओळखीचं नाव दिलं, एवढंच.

एक गोष्ट राहिली. एस्तेरच्या हस्तलिखित गुंडाळीत काही अक्षरं परंपरेने मुद्दाम मोठी काढतात. एक त्या कर्पासला खेटून असलेल्या खूर शब्दातलं पहिलं अक्षर, खेत. एक हामानच्या मुलाच्या नावात. आणि एक नवव्या अध्यायात, वत्तिख्तोव (आणि तिने लिहिलं) या शब्दातलं ताव हे अक्षर. तिथे पुरीम पक्का करणारं पत्र लिहिलं जातंय, मर्दखयचंही नाव पुढे आहे, पण क्रियापद स्त्रीलिंगी एकवचनी, आणि तिचं नाव बापासकट येतं, राणी एस्तेर, अवीहाइलची लेक. मराठीत एस्तेरने लिहिलं म्हटलं की ते स्त्रीलिंग पुसलं जातं, लिहिलं पत्राच्या मागे जातं, बाईच्या नाही. म्हणून मी तिथे जुन्या वळणाचं वाक्य घेईन, राणी एस्तेर लिहिती झाली, आणि ती चं अक्षर मोठं काढीन.