पुन्हा नापास झालो, आता मेडिकल सोडू का?

निकालानंतरच्या आठवड्यात समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मेडिकलच्या मुलामुलींचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. "पुन्हा राहिलो. आणखी एकदा बसू, की सोडून देऊ?" उत्तर त्याच तासात मिळावं अशी त्यांची अपेक्षा असते. मी ते देत नाही, आणि त्यांनीही त्या आठवड्यात ठरवू नये असा आग्रह धरते. का, ते एका विद्यार्थ्याच्या निमित्ताने सांगते. त्याने लिहायला परवानगी दिली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

पहिल्या वर्षाच्या ॲनाटॉमी आणि बायोकेमिस्ट्रीत तो दुसऱ्यांदा अडकला होता. बरोबरची मुलं पुढे गेली होती आणि हा ज्युनियर बॅचबरोबर बसत होता, म्हणजे बसणं अपेक्षित होतं. प्रत्यक्षात त्याने लेक्चरला जाणं जवळजवळ सोडलं होतं. कॉलेज सोडण्याचा अर्ज लिहून तयार होता, फक्त तारीख घालायची बाकी होती. "मॅडम, मी मुळात हुशार नव्हतोच. बारावीपर्यंत खपून गेलं," असं तो म्हणाला. शाळेत कायम वरच्या नंबरात असलेल्या मुलांच्या तोंडून हे वाक्य मी फार ऐकते. आयुष्यातलं पहिलं मोठं अपयश विशीत आलं, की ते एका परीक्षेपुरतं राहत नाही, मागच्या सगळ्या यशावरही पाणी फिरवतं.

अर्ज मी बाजूला ठेवायला सांगितला आणि आधी झोपेचं विचारलं. पहाटे चारला डोळा लागायचा, दुपारी जाग यायची. भूक नव्हती. मित्रांचे फोन तो उचलत नव्हता. मग सरळच विचारलं, "जगणं नको असं वाटतं का? स्वतःला संपवावं असा विचार येतो का?" असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, अशी भीती अनेक पालकांना आणि शिक्षकांनाही वाटते. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं याचं हायसं वाटतं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "सकाळी जागच येऊ नये असं वाटतं कधी कधी." काही ठरवलं आहे का, हेही विचारलं. ठरवलेलं नव्हतं. तरी त्या संध्याकाळी रूममेटला सगळं सांगायचं आणि काही दिवस एकटं राहायचं नाही, एवढं पक्कं करूनच आम्ही उठलो.

हा मुलगा अपवाद नाही. २०१६ मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार मेडिकलच्या सुमारे २७ टक्के विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणं आढळली, आणि ११ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. मला सर्वांत अस्वस्थ करणारा आकडा मात्र वेगळाच आहे. ज्यांच्यात नैराश्याची लक्षणं दिसली, त्यांच्यापैकी उपचारांसाठी गेले ते फक्त १६ टक्क्यांच्या आसपास. दुसऱ्यांना बरं करायला शिकणारी ही मुलं स्वतःसाठी डॉक्टरकडे जायला लाजतात. याच्या बाबतीत नैराश्याची नऊ प्रश्नांची चाचणी गंभीर बाजूला झुकली, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि उपचार सुरू झाले. नैराश्यामुळे नापास झाला की नापास झाल्यामुळे नैराश्य आलं, यावर घरचे आणि शिक्षक बराच वाद घालू शकतात. उपचारांना त्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबायची गरज नसते.

झोप थोडी जागेवर आल्यावर आम्ही मूळ विषयाला हात घातला. 'का राहिलो' आणि 'पुढे काय करू' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पहिल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसरा सुटत नाही. निकालाच्या धक्क्यात दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि 'मला जमत नाही, म्हणून हे माझं नाही' असं एकच वाक्य तयार होतं.

त्याला ॲनाटॉमीची वही आणायला सांगितली. वही पाहण्यासारखी होती. ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं, चार रंगांत काढलेलं. पाच मुळं, तीन ट्रंक, सहा डिव्हिजन, तीन कॉर्ड, पुढच्या शाखा, सगळं नीट नावांसकट. मी म्हटलं, "वही मीट. या कोऱ्या कागदावर काढ." मला ॲनाटॉमी येत नाही, पण समोर वही ठेवून ताडून पाहता येतं. त्याने पाच मुळं झरझर लिहिली, तीन ट्रंक काढले. मग पेन थांबलं. एक रेघ खाली ओढली, खोडली, पुन्हा ओढली. "मला येतं हे मॅडम, खरंच येतं. काल रात्रीच वाचलंय."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. वही उघडली की त्याला सगळं ओळखीचं वाटायचं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजेच येणं असं तो धरून चालला होता. बारावीपर्यंत अभ्यासक्रम एवढा बेताचा असतो की पाच-सहा वेळा वाचून निभावतं. मेडिकलच्या पहिल्या वर्षात तेवढ्या वेळा वाचायला वेळच मिळत नाही, आणि व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, परीक्षकासमोर वही उघडी नसते. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग मी त्याला सांगितला. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसरा एकदाच वाचला आणि मग न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा दोनदा वाचलेला उतारा जास्त आठवत होता. आठवड्याने मात्र त्यातलं ४२ टक्के आठवत होतं आणि लिहून काढलेल्यातलं ५६ टक्के. त्यांच्याच दुसऱ्या प्रयोगात नुसतं पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आपल्याला जास्त आठवेल अशी खात्री होती, हे मला त्यातलं सर्वांत बोलकं वाटतं.

तेव्हापासून त्याने रंगीत पेनं बंद केली. विषय वाचायचा, पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर काढायचं आणि चुकलेलं तेवढंच पुन्हा बघायचं. तोच विषय दोन दिवसांनी, मग आठवड्याने. व्हायव्हासाठी रूममेटसमोर मोठ्याने उत्तरं द्यायची. पहिले काही दिवस त्याला फार वाईट गेले, कारण आपल्याला किती कमी येतं हे रोज कागदावर दिसायचं.

प्रत्येकाचं कारण अभ्यासाची पद्धत नसतं. कुणाची शिकण्याची भाषा बदललेली असते, कुणाच्या घरी आजारपण चालू असतं, कुणाला लहानपणापासून एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास, असतो आणि तो कुणाच्या लक्षात आलेला नसतो, कुणाचा थायरॉईड बिघडलेला असतो. म्हणून शारीरिक तपासणीही करून घ्यावी, आणि उत्तरपत्रिका बघायला मिळत असेल तर ती जरूर बघावी. तीस गुणांनी राहणं आणि तीन गुणांनी राहणं यांवरचा उपाय एक नसतो.

मग राहिला सोडण्याचा प्रश्न. मी त्याला विचारलं, "समज, उद्या कुणी तुला सगळ्या विषयांत पास झाल्याचा कागद दिला. सोमवारी सकाळी वॉर्डात जायचं आहे. कसं वाटतंय?" तो लगेच बोलायला लागला. पहिल्या वर्षी एका पोस्टिंगला त्याने एका आजींचं ब्लड प्रेशर मोजलं होतं. हात थरथरत होता, तीनदा मोजावं लागलं, आणि आजींनी न कुरकुरता हात पुढे धरून ठेवला होता. हे सांगताना त्याचा आवाजच बदलला. त्याला पळायचं होतं ते परीक्षेपासून, कामापासून नाही.

हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी मी एका मुलीला विचारला होता. तिचा चेहरा पडला. "म्हणजे मग पुढची चार वर्षं करावीच लागतील," असं ती म्हणाली. तिला आकडेवारीत खरा रस होता, रुग्णांच्या गर्दीत ती कोमेजायची. तिने मेडिकल सोडलं, संख्याशास्त्र घेतलं, आणि तो निर्णय योग्य होता असं मला आजही वाटतं. 'एवढी वर्षं वाया गेली' हे तिला अडवणारं सर्वांत मोठं कारण होतं. गेलेली वर्षं राहिलं तरी परत येत नाहीत आणि सोडलं तरी येत नाहीत. हिशेब पुढच्या वर्षांचा करायचा.

याने आणखी एका परीक्षेला बसायचं ठरवलं, पण अटी आधीच कागदावर लिहून. उपचार मध्येच सोडायचे नाहीत. परीक्षेआधी दोन सराव परीक्षा वेळ लावून द्यायच्या. त्यांत सुधारणा दिसली नाही तर पुन्हा माझ्यासमोर बसून विचार करायचा. कॉलेजच्या कार्यालयातून किती संधी उरल्या आहेत, ब्रेक घेतला तर जागा राहते का, आणि झालेले विषय दुसऱ्या अभ्यासक्रमाला धरले जातात का, हे त्याने लेखी आणलं. तोंडी ऐकलेल्या नियमांवर आयुष्याचे निर्णय घेणारी मुलं मी पाहिली आहेत, म्हणून लेखीवर माझा एवढा जोर.

वडिलांना सांगणं त्याला परीक्षेहून अवघड वाटत होतं. घरी निकाल लागलाच नाही असं सांगितलेलं होतं. आम्ही वाक्यं लिहून काढली. "बाबा, मी पुन्हा नापास झालोय आणि तुमच्यापासून लपवलं. का राहिलो ते आता कळलंय. डॉक्टरांचे उपचारही चालू आहेत. पुढच्या परीक्षेला बसणार आहे. दर रविवारी मी स्वतःहून सांगेन, रोज विचारू नका." वडील चिडले. लपवल्याचा त्यांना नापास होण्यापेक्षा जास्त राग आला आणि त्यांनी फोन ठेवून दिला. दोन दिवसांनी आईचा फोन आला, आणि रविवारी वडिलांनी स्वतः उचलला.

त्या परीक्षेत ॲनाटॉमी सुटली, बायोकेमिस्ट्री पुन्हा राहिली, तीन गुणांनी. या वेळी तो तीन दिवसांत माझ्याकडे आला, उत्तरपत्रिकेत कुठे गुण गेले त्याची यादी घेऊन. पुढच्या खेपेला तोही विषय निघाला. आता तो वॉर्डात असतो, औषधं मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने हळूहळू कमी होत आहेत.

निकाल याच आठवड्यात लागला असेल आणि तुम्ही हे एकटे बसून वाचत असाल, तर अर्ज लिहू नका. आज रात्री एका माणसाला सांगा, उद्या झोप आणि जेवणाकडे बघा, कारणं शोधायला पुढच्या आठवड्यात बसा. आणि जगणं नकोसं वाटत असेल, तर पुढच्या आठवड्याची वाट पाहू नका. आत्ता जवळच्या माणसाला उठवा आणि हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात जा.