नऊ महिन्यांच्या फोनची बॅटरी फुगली, सर्व्हिस सेंटर 'ओलावा गेलाय' म्हणून वॉरंटी नाकारतंय. काय करू?

आधी तो फोन चार्जिंगला लावणं बंद करा, आणि वर आलेली स्क्रीन दाबून बसवायला जाऊ नका. आत गॅस साठलेला आहे. सेल टोचला किंवा दुमडला तर पेट घेऊ शकतो.

मी काही वर्षं मोबाइल सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर होतो, म्हणून पलीकडची बाजू सांगतो. बॅटरीच्या बाबतीत वॉरंटीतून वगळलेली असते ती वापराने होणारी झीज. सकाळी फुल केलेला फोन दुपारी चारलाच मान टाकतो, ही ती तक्रार. (आयफोनला ॲपलकेअर प्लस हे ॲपलचं जादा संरक्षण घेतलं असेल तर क्षमता 80 टक्क्यांखाली गेल्यावर बॅटरी मोफत बदलून मिळते, पण ते वेगळे पैसे भरून.) फुगणं म्हणजे झीज नव्हे, आणि हे काउंटरवरच्या मुलालाही माहीत असतं. म्हणूनच ओलाव्याचं कारण पुढे येतं.

पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, हे खरंच. आयपी68 (पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा) लिहिलेल्या फोनलाही सहसा हाच नियम. जाहिरातीत फोन पाण्यात बुडवून दाखवतात, ही अट मात्र बारीक अक्षरात. बऱ्याच फोनमध्ये सिम ट्रेच्या खाचेत एक छोटी पांढरी पट्टी असते, पाणी लागलं की ती लाल होते. टॉर्च मारून स्वतः बघा, फोटो काढून ठेवा. पांढरी असेल तर तुमची बाजू भक्कम. लाल असली तरी बॅटरी पाण्यानेच फुगली असं सिद्ध होत नाही. बोर्डवर गंज कुठे दिसला ते दाखवा म्हणावं.

तोंडी नकार घेऊन परत येऊ नका. जॉबशीटवर कारण लिहून घ्या, त्यावरचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बिलाशी ताडून पाहा. मग कंपनीला ईमेल करा, आणि त्यांनी दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन. बरीच प्रकरणं इथेच मिटतात. नाहीच मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग: 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकीलही सक्तीचा नाही.

तोवर गल्लीतल्या दुकानात फोन उघडू देऊ नका. बाहेर उघडलेला फोन हे नकाराचं दुसरं कारण, आणि त्यावर वाद घालणं फार अवघड जातं.