रशियन भूदासांच्या विफल प्रेमावरील कोणता चित्रपट पाहावा?

इल्या आवेरबाख यांचा १९७१ सालचा ‘जुन्या काळातील नाट्य’ अवश्य पाहावा. तो निकोलाय लेस्कोव यांच्या १८८३ मधील कथेवर आधारलेला आहे. ओरिओलमधील एका सरदाराच्या खासगी नाट्यगृहातील अभिनेत्री ल्युबा आणि केशभूषाकार अर्काडी हे दोघेही भूदास, म्हणजे मालकाच्या संमतीवाचून ज्यांना लग्नही करता येत नसे अशी माणसे. मूळ कथेत ती पळून जातात, पण ज्याच्याकडे आश्रय मागितला तो धर्मगुरूच त्यांना पकडून देतो. पुढे सैन्यात अधिकारी झालेला अर्काडी तिला पैसे भरून सोडवायला परततो, तेव्हा त्याच पैशांसाठी सराईचा मालक रात्री त्याचा खून करतो. ही हकिकत वृद्ध ल्युबाच, लेखकाच्या घरी मुले सांभाळताना, अर्काडीच्या थडग्यापाशी सांगते, आणि मला तेच सर्वाधिक हेलावते.