मुलगी गात नाही, म्हणून संस्कृतीत काम नाही?

नमस्कार दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बारावी झाली, ७१ टक्के पडले, तिला 'कला-संस्कृतीच्या जोरावर शहरं कशी सावरतात' यात काम करायचंय आणि तुमचं म्हणणं असं की तिला ना गाता येतं ना चित्र काढता येतं, मग ती तिथे करणार काय, म्हणून इंजिनिअरिंगचा फॉर्म भरून टाकलाय. मार्कांचं मला काहीच वाटलं नाही. पण अख्ख्या पत्रात 'आम्ही ठरवलं' चार वेळा आलंय आणि ती काय म्हणाली ते एकदाही नाही, तिथे मात्र धस्स झालं.

वर तिच्या वहीचा फोटो पाठवलात, 'बघा, असले रिकामे उद्योग चालतात'. बघितला. एका जुन्या गोदामात कला महोत्सव होता, तिथे ही पोरगी चार शनिवार गेटपाशी उभी राहून रकाने भरत होती. किती जण आले, किती जणांनी काही विकत घेतलं, आणि शेवटी 'स्टॉलवाले याच वस्तीतले का?', समोर लिहिलंय ९ पैकी २. अहो, हा शेवटचा रकाना तिला सुचला कसा? आयोजक गर्दीचे फोटो टाकून मोकळे होतात, पैसा वस्तीत राहिला की आला तसा बाहेर गेला हे बघायला फारसं कोणी थांबत नाही.

आणि संस्कृती म्हणजे स्टेज, हे डोक्यातून काढा. स्पेनमधलं बिल्बाओ बघा, जहाजबांधणी आणि पोलादाचे धंदे बसले, शहर भकास झालं, मग १९९७ ला गुगनहाइम हे आधुनिक कलेचं म्युझियम उघडलं आणि जगभरातून लोक यायला लागले. गोष्ट अशीच सांगतात, जणू एका बिल्डिंगने जादू केली. पण नदीत जाणारं सांडपाणी आवरायचं काम १९८० च्या दशकापासून चालू होतं, काठावरच्या पडीक जमिनी वापरात आणायला १९९२ ला सरकारी कंपनी काढली होती, १९९५ ला मेट्रो धावली. यात चित्रकार किती आणि जमिनीचे कागद, बजेट, नकाशे बघणारे किती, तुम्हीच सांगा. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला १९९० मध्ये 'युरोपचं सांस्कृतिक शहर' हा वर्षभराचा मान मिळाला तेव्हा तिथल्याच काही लेखक-कार्यकर्त्यांनी बोंब मारली की कामगारांचा इतिहास झाकून पाहुण्यांसाठी रंगरंगोटी चाललीये. त्यांचं सगळं पटायलाच हवं असं नाही, पण ते आणि तुमची मुलगी एकच विचारतायत, हे सगळं नक्की कोणासाठी. वस्तीचं नाव झालं की भाडी चढतात आणि ज्या कलाकारांमुळे नाव झालं तेच आधी बाहेर पडतात, असं बऱ्याच शहरांत झालंय.

रस्ता साधा आहे, अर्थशास्त्र, भूगोल किंवा समाजशास्त्रात पदवी, मग शहर नियोजन किंवा सांस्कृतिक व्यवस्थापनात मास्टर्स. तिलाही सांगतो, स्टॅटिस्टिक्सला घाबरून पळू नकोस, नुसत्या आवडीवर इथे कोणी उभं करत नाही. पगार सुरुवातीला डोळे दिपवणारा नसतो आणि बरीच कामं प्रोजेक्टपुरती असतात, हे दोघांनीही आधीच धरून चाला.

इंजिनिअरिंगचं म्हणाल तर सिव्हिल करूनही नियोजनाकडे येता येतं, पण ते तिने ठरवलं तर. फॉर्म रद्द करायची शेवटची तारीख काय आहे ते आजच बघा. आणि वही तिला परत द्या, पाचवा शनिवार कोराच आहे.