सायकियाट्री घेतली की स्टेथोस्कोप विसरायला होतं का? हा विषय शिकायचा कसा?

तुम्ही इंटर्न आहात, एमडी सायकियाट्रीची सीट मिळेल अशी रँक आली आहे, आणि मेडिसिनचे सीनिअर म्हणतायत की 'गप्पा मारायची ब्रँच आहे, तीन वर्षांत स्टेथोस्कोप विसरशील'. तुम्ही विचारलंय की सुरुवात कुठून करावी आणि पुस्तक कोणतं वाचावं. पुस्तकाचं नंतर बघू. आधी स्टेथोस्कोपचं, कारण हे वाक्य मला वर्षानुवर्षं ऐकायला लागलंय. ते चूक आहेच, पण त्यापायी पेशंट दगावतात, हे जास्त वाईट.

एक रेफरन्स (दुसऱ्या विभागाने आपला पेशंट बघायला केलेलं बोलावणं) घ्या. सरकारी मेडिकल कॉलेजात काम केलेल्या प्रत्येकाला तो ओळखीचा वाटेल. रात्रीचे साडेअकरा, ऑर्थोचा वॉर्ड. कागदावर एकच ओळ: 'पेशंट टॉकिंग इर्रिलेव्हंटली, सायक रेफरन्स'. ४२ वर्षांचा टेम्पो ड्रायव्हर, रविवारी दुपारी अपघात, मांडीचं हाड मोडलंय, पायाला ट्रॅक्शन, ऑपरेशन गुरुवारी. आज मंगळवार. संध्याकाळपासून बडबडतोय, सलाइन उपटतोय, म्हणून ड्यूटीवाल्याने हॅलोपेरिडॉल ५ मिग्रॅ आणि प्रोमेथाझिन ५० मिग्रॅ देऊन हात गॉजपट्टीने कॉटला बांधलेत. तुम्ही पोचता तेव्हा तुम्हाला सांगितलं जातं, 'तुमचा पेशंट आहे, तुमच्या वॉर्डात घेऊन जा.'

लगेच बोलायला जाऊ नका. दोन मिनिटं कॉटच्या पायथ्याशी उभं राहून नुसतं बघा. डावा हात पट्टीतून सुटलाय. तो मांडीशेजारी पुढे जातो, थांबतो, मागे येतो. तो गिअर टाकतोय. मध्येच ओरडतो, 'ए, मागनं बघ रे! येऊ दे, येऊ दे!' मग चादरीवरून काहीतरी चिमटीत उचलून खाली टाकतो. तुम्हाला तिथे काहीच दिसत नाही. कपाळावर घाम, ओठ सुकलेले, बोटांना थरथर. रोजच्या धंद्यातल्या हालचाली कॉटवर करत राहणं आणि नसलेले किडे वेचणं ही डेलिरिअमची (शरीराच्या आजारामुळे अचानक येणाऱ्या भ्रमिष्ट अवस्थेची) जुनी खूण आहे. चाळिशी उलटलेल्या, आधी कधी मानसिक आजार नसलेल्या माणसाला अचानक काही 'दिसायला' लागलं, तर मेंदूला शरीराकडून काय त्रास होतोय हे आधी शोधायचं, स्किझोफ्रेनियाचं नावही काढायचं नाही.

आता अटेन्शन तपासा. 'आज वार कोणता' एवढ्यावर भागत नाही. वॉर्डात पडून राहिलेल्या धडधाकट माणसालाही तारीख-वार सांगता येत नाही. त्याला म्हणा, 'रविवारपासून उलटे वार सांगा, रविवार, शनिवार, पुढे?' किंवा २० ते १ उलटे आकडे. शाळा कमी असेल तर पैशांत विचारा: 'शंभर रुपयांतले सात खर्च झाले, उरले किती? त्यातले अजून सात?' हा माणूस शनिवार, शुक्रवार म्हणतो आणि तिथून थेट टेम्पोच्या टायरवर जातो. अर्ध्या तासाने परत विचारलं तर कदाचित पाच वार बरोबर सांगेल. हे कमीजास्त होणं निदानाचा भाग आहे, म्हणून दोन्ही वेळांची नोंद घड्याळासकट लिहा. 'ओरिएंटेड, नो ॲक्टिव्ह इश्यू' असं लिहून निघून गेलेला आधीचा डॉक्टर त्या बऱ्या अर्ध्या तासात आलेला असतो.

नाडी १२४, बीपी १६०/१००, ताप १००.४. बायकोला बाहेर, एकटीला विचारा. 'दारू घेतात का?' असं विचारलंत तर 'कधीतरी' हेच उत्तर मिळणार. असं विचारा: 'रोज किती लागते? क्वार्टर की जास्त? सकाळी उठल्यावर हात थरथरतात का, आणि घेतल्यावर थांबतात का? शेवटची कधी घेतली?' ती म्हणते रोज दोन क्वार्टर, रविवारी जेवणाआधी शेवटची. हिशेब करा. क्वार्टर म्हणजे १८० मिली, अल्कोहोल ४२.८ टक्के, म्हणजे ७७ मिली, वजनात साधारण ६१ ग्रॅम. दोन क्वार्टर, सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, रोज. शेवटच्या घोटापासून आता साठावा तास चालू आहे. दारू तुटल्यावर थरथर आणि घाम पहिल्या ६ ते २४ तासांत सुरू होतो, फिट्स बहुतेक ४८ तासांच्या आत येतात, आणि डेलिरिअम ट्रेमेन्स (दारू तुटल्यामुळे होणारा डेलिरिअम) ४८ ते ९६ तासांत. गणित जुळलं.

पण जुळलं म्हणून थांबलात तर तुम्हीही तीच चूक केलीत. मांडीचं हाड मोडल्यावर २४ ते ७२ तासांत फॅट एम्बोलिझम (चरबीचे कण रक्तातून फुप्फुसांत, मेंदूत अडकणं) होऊ शकतो, आणि त्यातही माणूस बरळतो. म्हणून ऑक्सिजन सॅच्युरेशन बघा, छाती ऐका (इथे लागतो तो स्टेथोस्कोप), काखेत, छातीवर आणि पापणीच्या आत बारीक लाल ठिपके शोधा. अपघात आहे, म्हणजे डोक्याला मार असू शकतो: बाहुल्या बघा, सीटी झालाय का विचारा. ग्लुकोमीटरने साखर तिथेच बघा. सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम पाठवा. डोळे दोन्ही बाजूंना पूर्ण फिरतात का ते बघा. ट्रॅक्शनमुळे चाल तपासता येणार नाही, त्यामुळे वर्निकेची (थायमिन म्हणजे व्हिटॅमिन बी-१ च्या कमतरतेने मेंदूला होणाऱ्या इजेची) शंका डोळ्यांवरूनच घ्यावी लागते.

उपचार: लोराझेपाम २ मिग्रॅ, तेवढ्याच सलाइनमध्ये मिसळून शिरेतून सावकाश. १५-२० मिनिटं श्वास आणि सॅच्युरेशनवर लक्ष ठेवा, शांत नसेल तर परत. हाक मारली की डोळे उघडेल इतपत झोप हवी, त्यापुढे नाही. थायमिन ५०० मिग्रॅ, १०० मिली सलाइनमधून अर्ध्या तासात, दिवसातून तीनदा, आणि डेक्स्ट्रोज लावण्याआधी (साखर खरोखर कमी असेल तर मात्र थायमिनसाठी ग्लुकोज अडवून ठेवू नका). नुसतं हॅलोपेरिडॉल देऊन दारू तुटण्याचा आजार थांबत नाही, उलट फिट यायचा उंबरठा खाली येतो. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल चालू असेल तर बदलायला सांगा, तेही फिट्सना आमंत्रण देतं. पट्ट्या सोडा, एक दिवा चालू ठेवा, ओळखीचं एकच माणूस उशाशी बसवा.

आणि सायकच्या वॉर्डात हलवायला ठाम नकार द्या. या माणसाला मॉनिटर, ऑक्सिजन आणि गरज पडली तर आयसीयू हवं. रेफरन्सच्या कागदावर 'नॉट अ सायकियाट्रिक इलनेस' एवढंच लिहिलंत तर भांडण जिंकाल आणि पेशंट हराल. डोस, वेळ, काय बघायचं, कधी फोन करायचा, सगळं लिहा, आणि सकाळी सहाला परत जा. मेडिसिनवाले, ऑर्थोवाले आणि सर्जरीवाले ज्याला 'बडबड' म्हणतात, तिच्यात निम्मं मेडिसिन दडलेलं असतं आणि ते ओळखायची जबाबदारी शेवटी सायकच्या जेआरवर (ज्युनिअर रेसिडेंटवर) येते. माझं भांडण आहे ते याच्याशी. स्टेथोस्कोप विसरलेला सायकियाट्रिस्ट हा अर्धवट शिकलेला सायकियाट्रिस्ट. त्याचा दोष ब्रँचवर ढकलू नये.

आता 'गप्पां'बद्दल. गप्पा मारता येणं सोपं असतं तर एमएसईमध्ये (मानसिक अवस्थेच्या तपासणीत) सगळ्यांचं सारखंच 'हॅल्युसिनेशन्स प्रेझेंट' आलं नसतं. 'तुम्हाला आवाज येतात का?' या प्रश्नाला ज्याचे कान शाबूत आहेत तो 'हो' म्हणणारच. विचारायचं असं: 'आजूबाजूला कुणी नसताना कुणी बोलल्यासारखं कानावर येतं का? बाई की पुरुष? एकच की दोघं-तिघं? तुमच्याशी बोलतात की तुमच्याबद्दल आपापसात? काय म्हणाले, तेच शब्द सांगा.' दोघं जण 'तो बघ आता चहा प्यायला उठला' असं आपापसात बोलत असतील, तर त्या एका वाक्याला निदानात वजन आहे. मग ते वाक्य मराठीतच, अवतरणात लिहा. 'थर्ड पर्सन ऑडिटरी हॅल्युसिनेशन' हा तुमचा निष्कर्ष, तो त्याच्या खाली.

'करणी केलीय', 'बाहेरचं आहे' हे ऐकलं की डिल्यूजन (आजारातून आलेला पक्का भ्रम) लिहून मोकळे होणारे जेआर दरवर्षी भेटतात. भावाला विचारा, बायकोला विचारा. सगळं घर तसं मानत असेल तर ती समजूत झाली. सगळं घर देवर्षीकडे जाऊन आलं आणि आता तेच म्हणतंय 'आम्हीही मानतो हो, पण हा जे सांगतो ते भलतंच आहे', तर कान टवकारा. तसंच 'टेन्शन आहे' म्हणजे डिप्रेशन नाही. 'कशातच मन लागत नाही का? आवडीची गोष्ट केली तरी बरं वाटत नाही? पहाटे तीन-साडेतीनला जाग येऊन परत झोप लागत नाही? सकाळी जास्त जड वाटतं की संध्याकाळी?' असं एकेक उलगडा.

आत्महत्येबद्दल विचारल्याने विचार डोक्यात घातला जातो, ही भीती निराधार आहे. पायरीपायरीने जा: 'इतका त्रास झाल्यावर जगण्यात राम नाही असं वाटतं का? मरण आलं तर बरं असं? स्वतःहून काही करून घ्यावं असं? कसं, कधी, ठरवलं होतं का?' आणि शेतकरी कुटुंब असेल तर पाचवा प्रश्न घरच्यांना: 'फवारणीचं औषध कुठे ठेवलंय, आणि किल्ली कोणाकडे?' ते आजच घराबाहेर गेलं पाहिजे, आणि गेलं का हे फोन करून विचारायचं कामही तुमचंच.

रेसिडेन्सीच्या पहिल्या सहा महिन्यांत औषधांची नावं पाठ होतात, पण चुका वेगळ्याच जागी होतात. लिथियमचं (मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाचं) उदाहरण घ्या. रात्री ९ ला गोळी, तर रक्त सकाळी ९ ला, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर. डोस बदलल्यावर किमान पाच दिवस थांबून. नेहमीची पातळी ०.६ ते १.०. आणि रक्त हिरव्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतलंत तर तिच्यात बऱ्याचदा लिथियम हेपारिन असतं. रिपोर्ट खोटाच चढा येतो, घाबरून गोळी बंद होते आणि चांगली स्थिर बाई तीन आठवड्यांत मॅनियात परत येते. ट्यूब स्वतः बघा. उलट खरी टॉक्सिसिटी मेडिकलवाल्याकडून आणलेल्या गुडघेदुखीच्या डायक्लोफेनॅकमधून येते, किंवा बीपीसाठी नव्याने लावलेल्या लोसार्टन वा थायाझाइडमधून. ठळक थरथर, जुलाब, तोल जाणं: गोळी थांबवा, लेव्हल आणि क्रिएटिनिन पाठवा. रिपोर्टची वाट बघत पुढचा डोस देऊ नका.

पुस्तक: पोस्टिंग दोन आठवड्यांचं असेल तर सीनिअरकडचं पातळ पुस्तक पुरे. जेआर झाल्यावर आधी सायकोपॅथॉलॉजीचं (मानसिक लक्षणं ओळखण्याच्या शास्त्राचं) एक, औषधांचं नंतर. रोज एकच पेशंट, पाऊण तास, आणि त्याच संध्याकाळी एक पान एमएसई. तीसाव्या पानापर्यंत तुमच्या प्रश्नांची भाषा बदललेली दिसेल. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मुळातून वाचा. त्याच्या कलम ९४ खाली तातडीचे उपचार कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत करू शकतो, हे पुढच्या वेळी 'तुमचा पेशंट' म्हणणाऱ्याला सांगता येईल.

सीट घ्यावी की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण घेण्याआधी ती कुठली आहे ते बघा. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत जुना स्किझोफ्रेनिया जसा बघायला मिळतो तसा जनरल हॉस्पिटलात मिळत नाही. आणि वर लिहिलेला रात्रीचा रेफरन्स जनरल हॉस्पिटलातच येतो. दोन्हीकडे रोटेशन आहे का, हे तिथल्या जेआर-३ ला विचारा.

वरचे डोस धडधाकट प्रौढासाठी आहेत. वय जास्त असेल, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) असेल, लिव्हर गेलेलं असेल तर लोराझेपाम निम्म्यावरून सुरू करा. आणि हे एखाद्या पेशंटच्या घरचं कुणी वाचत असेल तर: रोज पिणाऱ्याची दारू घरी एका दिवसात बंद करू नका, दवाखान्यात घेऊन या. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे.