'टीचर, डोक्यात राहत नाही' म्हणणाऱ्या मावशी

प्रश्न : मी २४ वर्षांची, काळाचौकीला राहते. मानसशास्त्रात बी.ए. झाले आहे. दिवसा शिकवण्या घेते आणि संध्याकाळी लालबागच्या एका रात्रशाळेत दहावीच्या वर्गाला शिकवायला मदत करते. वर्गात वॉचमन काका आहेत, हॉटेलात काम करणारी मुलं आहेत, घरोघरी पोळ्या करणाऱ्या मावशी आहेत. आज शिकवलेलं परवा पुसलेलं असतं. ४७ वर्षांच्या एक मावशी म्हणतात, "टीचर, आता वय झालं, डोक्यात राहत नाही." वह्याही हरवतात. यांना लक्षात ठेवायला कसं शिकवू? आणि यात करिअर होईल का? आई म्हणते, बँकेच्या परीक्षा दे.

उत्तर : तुझ्या त्या मावशींना एकदा विचार, कोणत्या घरी कांदा-लसूण चालत नाही, कुठे साखर कमी लागते, कुणाची चतुर्थी असते, भिशीचा पुढचा नंबर कुणाचा. सगळं तोंडपाठ असेल. ही स्मरणशक्ती वर्गात आल्यावर जाते कुठे? कुठेच जात नाही. घरांची माहिती त्या रोज डोक्यातून बाहेर काढतात, पुस्तकातली फक्त आत घालतात. वयामुळे नवं शिकण्याचा वेग थोडा मंदावतो, हे खरं आहे आणि ते त्यांच्यापासून लपवू नकोस. पण तुझ्या वर्गातली मुख्य अडचण मला ही वाटते.

२००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे गेले. फसगत होते ती इथेच. पुन्हा वाचलं की आल्यासारखं वाटतं, म्हणून माणूस वाचतच राहतो.

तर तासाची पहिली पाच मिनिटं पुस्तक बंद. काल काय झालं, ते प्रत्येकाने कोऱ्या कागदावर लिहायचं. ज्यांचा हात सावकाश चालतो, त्यांनी शेजारच्याला सांगायचं. मग पुस्तक उघडून काय राहिलं ते बघायचं. याला चाचणी म्हणू नकोस. शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाला त्या शब्दानेच धडकी भरते. आणि हीच उजळणी दुसऱ्या दिवशी, तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने कर. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की विसरण्याचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच होतो. म्हणजे 'परवा पुसलेलं असतं' हा मावशींचा दोष नाही. सगळ्यांचंच पुसतं.

एका संध्याकाळी नव्या गोष्टी तीन-चारच दे. दिवसभर उभं राहून आलेल्या माणसावर आठ व्याख्या टाकल्या तर एकही टिकत नाही.

क्रमाने लक्षात ठेवायचं असेल तेव्हा ओळखीची जागा वापर. पचनसंस्था घे. मावशी ज्या घरात रोज जातात, तिथून मनातल्या मनात चालायला सांग. दार म्हणजे तोंड, लांब पॅसेज म्हणजे अन्ननलिका, ओट्यावरचा मिक्सर म्हणजे जठर, गॅलरीतली कपड्यांची लांबलचक दोरी म्हणजे लहान आतडं, मोरी म्हणजे मोठं आतडं. घर मात्र त्यांनी निवडायचं, तू नाही. वॉचमन काका त्यांच्या बिल्डिंगचे मजले घेतील, कुणी करी रोड, परळ, दादर अशी स्टेशनं घेईल. गणिताला ही युक्ती उपयोगाची नाही. तिथे समजणं आणि हाताने सोडवणं, एवढंच.

आता वह्या. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं असली की वहीला स्वतःची जागा नसते. सुटे कागद देणं बंद कर. सगळ्या विषयांना मिळून एक जाड वही, एक पिशवी आणि दाराजवळ त्या पिशवीसाठी एक खिळा. उजळणीची तारीख कालनिर्णयच्या चौकोनात लिहायची, जिथे दुधाचा हिशेब आणि गॅसची तारीख आधीच लिहिलेली असते. नवी डायरी कुणी उघडत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे रोज नजर जाते. आणि अभ्यास एखाद्या ठरलेल्या कामाला बांधायचा : कुकर लावला की शिटी होईपर्यंत कालचे पाच शब्द आठवायचे.

करिअरबद्दल स्पष्ट सांगते. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. इतकं जुनं काम असूनही त्यात पगाराच्या जागा आजही थोड्याच आहेत. सरकारच्या 'उल्लास' साक्षरता कार्यक्रमातही शिकवणारे स्वयंसेवक असतात. म्हणून आईची काळजी खोटी नाही. माझं मत असं : आधी बी.एड. कर, म्हणजे शाळेची नोकरी हाताशी राहील. त्यानंतर इग्नूचा प्रौढ शिक्षणातला एम.ए. नोकरी सांभाळून करता येईल. मुंबई विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन व विस्तार विभागात जाऊन तिथे सध्या काय चालू आहे, तेही समक्ष विचार. शिकण्यातल्या अडचणी हाच विषय ओढत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं विशेष शिक्षणातलं बी.एड. बघ. मोठ्या माणसांना शिकवण्याची हातोटी सामाजिक संस्थांत आणि कंपन्यांच्या प्रशिक्षण विभागांतही लागते. बँकेची परीक्षा मनातून द्यायची नसेल तर केवळ आईसाठी वर्ष घालवू नकोस, पण बी.एड.चा हिशेब कागदावर मांडून तिच्यासमोर ठेव.

पाच मिनिटांचा प्रयोग महिनाभर कर. कुणाला पहिल्या दिवशी किती आठवलं आणि शेवटच्या दिवशी किती, ते लिहून ठेव. मुलाखतीत ती वही दाखवता येईल, आणि मलाही ती बघायला आवडेल.

एक गोष्ट मात्र उद्याच विचार. मावशींना चाळशी आहे का? फळ्यावरचं दिसतं, पण पुस्तकातलं बारीक अक्षर पुसट होतं आणि माणूस म्हणतो, डोक्यात राहत नाही, हे मी अनेकदा पाहिलं आहे.